साठ मिनिटं कुणाची?

बाख, बेथोवन, शोपाँ, प्रोकोफिएव्ह. पियानोतल्या मास्टर्सच्या रिसायटलचे छापील कार्यक्रम हातात घेतले की ही चौकडी ह्याच क्रमाने पुन्हा पुन्हा भेटते. आधी एक प्रिल्यूड आणि फ्यूग, मग एक अभिजात सोनाटा, मग रोमँटिक काळातलं काहीतरी भारदस्त आणि शेवटी विसाव्या शतकातला दणका. जन्मसालाप्रमाणे उभी केलेली रांग. वाजवणारी मुलगी सोलची असो, साओ पावलोची असो की कोथरूडची, रांग बदलत नाही.

चौघांपैकी एकाशीही माझं भांडण नाही. भांडण आहे ते बिनविचाराने लावलेल्या रांगेशी. ही रांग येते प्रवेशपरीक्षेतून. ऑडिशनला संगीतविद्यालयं साधारण हेच मागतात: एक बाख, एक पूर्ण अभिजात सोनाटा, एक रोमँटिक, एक आधुनिक. तिथे ते रास्त आहे. परीक्षकांकडे वेळ थोडा असतो आणि उमेदवाराचं सगळं अंग त्यांना पारखून घ्यायचं असतं. पण प्रवेश मिळाला की ती परीक्षा संपली. दोन वर्षांनी मुलं तीच परीक्षा ताणून तासभराची करतात आणि तिलाच रिसायटल म्हणतात.

आपल्याकडून गेलेल्या मुलांना ह्या सापळ्याचा धोका जास्त. मुंबई, पुणे, पणजी, मडगाव, कुठेही पियानो शिकलेलं मूल एबीआरएसएम नाहीतर ट्रिनिटीच्या ग्रेड देत मोठं होतं. पहिल्या ग्रेडपासून आठव्यापर्यंत छापील यादी, यादीतून निवडलेले मोजके पीस, स्केल्स, साइट-रीडिंग, मार्क, सर्टिफिकेट. पुढे डिप्लोमा, त्याचीही यादी. ह्या परीक्षांनी आपल्या मुलांना शिस्त दिली, वाचन दिलं, हे मी मुलांना शिकवते म्हणून ठामपणे सांगू शकते. पण दहा-बारा वर्षं यादीतून उचलायची सवय लागली की यादी नसलेल्या खोलीत मूल गोंधळतं. परदेशात पहिल्याच आठवड्यात टीचर विचारतात, ‘तुला काय वाजवायचंय?’ आणि मूल त्यांच्याचकडे बघत राहतं.

उत्तर टीचरकडे असतंच. त्यांनी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी जे वाजवलं, त्यांच्या टीचरने त्यांना जे दिलं, ते त्यांच्या बोटांत आहे, शिकवायला सोपं आहे. ते तुमच्या हातात ठेवतात. वाईट हेतू कुणाचाच नसतो. तरीही साठ मिनिटं त्यांची होतात, तुमची राहत नाहीत.

मास्टर्सचं रिसायटल ही बहुतेक पियानोवादकांच्या आयुष्यातली पहिली संध्याकाळ, जिथे पहिल्या स्वरापासून शेवटच्यापर्यंत काय वाजणार ते वाजवणाऱ्याने ठरवायचं असतं. ठरवा. आणि प्रत्येक पीसमागे एक कारण असू द्या, जे तुम्हाला तुमच्या शब्दांत सांगता येईल.

आधी घड्याळ. बऱ्याच ठिकाणी तासाभराचं संगीत मागतात. तास म्हणजे किती, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. लिस्टचा बी मायनर सोनाटा तीस मिनिटं. शोपाँची ओपस 28 ची चोवीस प्रिल्यूड्स जवळपास चाळीस. राव्हेलचं ‘गास्पार द ला न्वी’ बावीस-तेवीस. बेथोवनचा ओपस 110 वीसच्या आत, ओपस 106 पाऊण तास. प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा अठरा. ह्यातले दोन मोठे पीस घेतले की तास भरत आला. तरी मुलं पाच घेतात, आणि मग कात्री लावतात. कात्री पहिली कुठे चालते? पुनरावृत्तीवर.

शूबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा घ्या, डी. 960, सप्टेंबर 1828 मध्ये पूर्ण झालेला. नोव्हेंबरात शूबर्ट गेला. पहिल्या मूव्हमेंटची सुरुवात सगळ्यांच्या ओळखीची: शांत धून, आणि आठव्या बारमध्ये डाव्या हाताला खोल खर्जात, अगदी हलक्या आवाजात, एक ट्रिल. पहिला भाग संपला की शूबर्ट सांगतो, पुन्हा सुरुवातीपासून वाजवा. परत जाण्यासाठी त्याने नऊ बारांचा वेगळा तुकडा लिहिला आहे. त्या नऊ बारांत तोच ट्रिल येतो, पण ह्या वेळी पूर्ण जोरात, अंगावर येणारा. पुनरावृत्ती गाळली तर हे नऊ बार वाजतच नाहीत, आणि तो ट्रिल सोनाटाभर दबल्या आवाजातच राहतो. आल्फ्रेड ब्रेंडेल ही पुनरावृत्ती टाळत आणि त्यामागची कारणं त्यांनी लिहून मांडली. स्व्यातोस्लाव रिश्टर ती घेत, आणि त्यांची ही एकच मूव्हमेंट पंचवीस मिनिटांच्या घरात जाई. दोघांनीही विचार करून ठरवलं होतं. तुम्ही पाच-सहा मिनिटं वाचवायला ते नऊ बार टाकणार असाल, तर हा सोनाटा घेऊ नका. दुसरा घ्या. शूबर्टने बरेच लिहिलेत.

पण हाच घ्यायचा असेल तर कार्यक्रम त्याच्याभोवती बांधा. पुनरावृत्तीसह तो चाळीसच्या वर जातो. उरतात जेमतेम वीस मिनिटं. त्यात बाखही हवा, शोपाँही हवा, आधुनिकही हवं, हा हट्ट सोडा. मी असं करीन: आधी हायडनची एफ मायनरमधली व्हेरिएशन्स, 1793 सालची. मग आल्बान बर्गचा ओपस 1 सोनाटा, बारा मिनिटांचा, एकाच मूव्हमेंटचा, 1908 च्या आसपासचा. मग शूबर्ट. तिन्ही रचना व्हिएन्नातल्या. क्रम मुद्दाम उलटा, बर्ग आधी, शूबर्ट नंतर. बर्गचा शेवट बी मायनरमध्ये विझत जातो. तिथून अर्धा स्वर खाली उतरलं की शूबर्टचा बी फ्लॅट. मध्ये मध्यंतर घेऊ नका, उठून नमस्कारही करू नका. बर्गनेही पहिल्या भागाला पुनरावृत्तीची खूण दिली आहे, तीही पाळा. जो वादक बर्गमध्ये परत जातो आणि शूबर्टमध्येही परत जातो, त्याला पुनरावृत्ती म्हणजे काय ते कळलंय, हे मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू येतं. जन्मसालाच्या रांगेतून हे कधीच हाती लागलं नसतं.

आता हात.

पियानोच्या पट्ट्यांवर एक सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं असतं. हे माप काही निसर्गनियम नाही. योसेफ हॉफमन विसाव्या शतकातला मोठा पियानोवादक, हात लहान, म्हणून स्टाइनवेने त्याला थोड्या अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. राख्मानिनोव्हने 1909 साली आपला तिसरा कन्चेर्तो त्याला अर्पण केला आणि हॉफमनने तो कधी वाजवला नाही. ह्याने हॉफमन लहान झाला नाही. स्पेनची आलिसिया दे लारोचा उंचीने आणि हाताने लहानखुरी होती आणि ग्रानादोस, आल्बेनिस वाजवताना तिच्या जवळपास कुणी फिरकत नसे. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत आता सहा इंची आणि साडेपाच इंची सप्तकाचे कीबोर्डही बसवलेत. तुमच्या विद्यापीठात असेल तर लाजू नका, बसा त्याच्यावर.

हे सांगायचं कारण साधं. लहान हाताच्या मुली, आणि मुलंही, राख्मानिनोव्ह आणि ब्राम्सचे जाडजूड कॉर्ड्स ओढूनताणून वाजवतात, दुखतंय म्हणून सांगत नाहीत, बर्फ लावतात, पुन्हा बसतात. टीचर म्हणतात सवय होईल. सवय होत नाही, इजा होते. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत विद्यार्थी असताना स्क्रियाबिनने बालाकिरेव्हचं ‘इस्लामे’ आणि लिस्टची डॉन जुआनवरची फँटसी वाजवण्याचा ध्यास घेतला. वर्गसोबती योसेफ लेव्हिन ते वाजवत होता, मग ह्याने मागे का राहावं? उजवा हात कामातून गेला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्याच्या पहिल्या सोनाटाचा शेवट शवयात्रेच्या मार्चने होतो, आणि 1894 साली त्याने फक्त डाव्या हातासाठी प्रिल्यूड आणि नॉक्टर्न लिहिले. हात पुढे बरा झाला, हे त्याचं नशीब. दोन सुंदर रचना मिळाल्या म्हणून ही गोष्ट कौतुकाने सांगायची पद्धत आहे. मला त्यात एक विशीतला मुलगा दिसतो, ज्याने पीस निवडताना स्वतःच्या हाताकडे न बघता शेजारच्याच्या हाताकडे बघितलं.

कठीण पीस का घ्यायचा, ह्याचं उत्तर ‘कठीण आहे म्हणून’ असता कामा नये. राव्हेलने 1908 साली ‘स्कार्बो’ लिहिताना ‘इस्लामे’हून अवघड काही रचायचं असं ठरवलं होतं, हे खरं. पण त्याने अवघडपणातून एक भुताटकी उभी केली: खालच्या पट्ट्यांवर काहीतरी खुडबुडतं, थांबतं, एकदम छतापर्यंत उडी मारतं. विद्यार्थी त्यातला अवघडपणा तेवढा वाजवतो. एकच स्वर वेगाने पुन्हा पुन्हा मारायची ती जागा, तिथे पट्टी वेळेत वर यायला लागते. प्रॅक्टिस रूममधल्या झिजलेल्या पियानोवर ती येत नाही, हॉलमधल्या पियानोवर येते की नाही ते आठवडाभर आधीपर्यंत कळत नाही. सगळा जीव तिथे अडकतो. भूत कुठे दिसतच नाही.

प्रोकोफिएव्हच्या सातव्याची शेवटची मूव्हमेंटही तशीच. साडेतीन मिनिटं, सात मात्रांची धडधड. सात मात्रा आपल्या कानाला नवख्या नाहीत. रूपकाची विभागणी तीन-दोन-दोन, इथे दोन-तीन-दोन. ती विभागणी डाव्या हातात शेवटपर्यंत तशीच उभी राहिली तर हॉल हादरतो. बहुतेक वेळा मधल्या तीनचा तोल जातो आणि उरते नुसती घाई. रिश्टरने 1943 च्या जानेवारीत ह्या सोनाटाचा पहिला प्रयोग केला तो चार दिवसांत बसवून, ही कथा प्रत्येक कॉन्झर्व्हेटरीत सांगतात. सांगू द्या. तुम्ही चार महिने घ्या आणि आधी मधली संथ मूव्हमेंट बसवा. सोनाटाचं दुःख तिथे आहे, आणि ते कळल्याशिवाय शेवटची धडधड म्हणजे नुसता टाइपरायटर.

शेवट दणक्यातच हवा, हा नियमही कुणी केलेला नाही. टाळ्यांचा जोर आणि मार्क ह्यांचा संबंध परीक्षकांच्या मनात नसतो, आपल्याच मनात असतो.

वयाबद्दल एक गोष्ट आपल्याकडचे आणि तिकडचे, दोन्हीकडचे ज्येष्ठ बोलतात: बेथोवनचे शेवटचे सोनाटा इतक्यात नको, पोक्तपणा येऊ दे. मला हे पटत नाही. डी. 960 लिहिणारा शूबर्ट 31 वर्षांचा होता. बर्गने ओपस 1 विशीत लिहिला. ओपस 110 पंचविशीत शिकायला घेतला तर पन्नाशीत तो तुमच्याबरोबर पंचवीस वर्षं राहिलेला असेल. पन्नाशीत पहिल्यांदा उघडलात तर पाटी कोरीच. त्यातल्या एका जागेसाठी तरी आत्ता उघडा. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये शोकगीत येतं, मग फ्यूग, मग शोकगीत पुन्हा येतं आणि ह्या वेळी धून सलग गातच नाही, दर दोन स्वरांनी श्वास तुटतो. 1821 साली बेथोवन काविळीने आजारी होता, आणि ह्या स्वरलिपीवर त्याने त्याच वर्षाच्या 25 डिसेंबरची तारीख घातली आहे. ते तुटकं गाणं संपतं आणि एकच जी मेजर कॉर्ड दहा वेळा वाजते, दर वेळी आधीच्याहून थोडी मोठी. मग फ्यूग परत येतो, सुरावट उलटी करून, जिथे चढ होता तिथे उतार. त्या दहा कॉर्ड्स वाढवत न्यायला बोटांचं कसब जवळपास लागतच नाही. आठव्या ग्रेडचं मूलही त्या दाबू शकेल. पण पहिली किती हळू ठेवली तर दहाव्यापर्यंत जागा उरेल, पेडल बदलायचं की धरून ठेवायचं, ह्या हॉलमध्ये, ह्या पियानोवर? हे ठरवण्यात एक सेमिस्टर जाऊ शकतं, आणि ते सेमिस्टर वाया गेलेलं नसतं. ज्याला ‘पोक्तपणा’ म्हणतात तो असाच येतो.

वेळेचा हिशेब मात्र निर्दयपणे करा. मास्टर्सचा विद्यार्थी दिवसभर पियानोसमोर बसलेला नसतो. असिस्टंटशिप असेल तर गायकांना साथ करायची, पहिल्या वर्षाच्या मुलांना कीबोर्डचे धडे द्यायचे, चेंबर म्युझिकच्या तालमी, थिअरीचे पेपर. प्रॅक्टिस रूमसाठी नंबर लावायचा. एवढ्या गडबडीत तासभराचं सगळंच्या सगळं नवं बसवायला घेणं म्हणजे स्वतःची फसवणूक. निम्मा कार्यक्रम आधीपासून हातात असलेला असू द्या: पदवीच्या काळात वाजवलेला, मग बाजूला ठेवलेला. जुना पीस परत काढला की तो दुसऱ्यांदा वेगळाच सापडतो. त्यात कमीपणा कसला? मोठे वादक तीच-ती रचना चाळीस वर्षं वाजवतात.

स्त्री संगीतकारांच्या बाबतीत अलीकडे जे चाललंय त्याचा मला मनापासून राग आहे. विद्यापीठं म्हणतात कार्यक्रमात विविधता हवी. मग काय, ताटात कोशिंबीर वाढावी तसा चार मिनिटांचा एक पीस, क्लारा शूमनचा नाहीतर एमी बीचचा, दोन मोठ्या पुरुषांच्या मध्ये. ऐकणाऱ्याच्या मनावर त्यातून एकच ठसा उमटतो, बाईने छोटं लिहिलं. हे खोटं आहे, आणि खोटं आहे हे सिद्ध करणारी रचना उघड्यावर पडली आहे. फॅनी हेन्सेल, फेलिक्स मेंडेल्सोनची बहीण, तिने 1841 साली ‘दास यार’ लिहिलं. म्हणजे वर्ष. जानेवारी ते डिसेंबर बारा रचना आणि शेवटी एक समारोप. नवरा विल्हेल्म चित्रकार. त्याने तिच्या सुवाच्य प्रतीवर महिन्यामहिन्याची चित्रं काढली आणि तिने प्रत्येक महिना वेगळ्या रंगाच्या कागदावर उतरवला. छापून यायला मात्र 1989 साल उजाडलं. जवळजवळ दीडशे वर्षं. आणि ही रचना चांगली पन्नास मिनिटांची आहे. म्हणजे रिसायटलच आहे, तयार.

अख्खं वाजवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये टाळ्या न घेता. मार्चमध्ये ईस्टरचं स्तोत्र येतं, डिसेंबरात नाताळचं, आणि समारोपात जुनं वर्ष सरतानाचं. एका वर्षाचा प्रवास एका संध्याकाळी ऐकवायची कल्पना मराठी रसिकाला समजावून सांगावी लागत नाही. कुमार गंधर्वांनी ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ बांधला. राग बांधावा तशी संध्याकाळही बांधायची असते, हे ह्या महाराष्ट्राने समोर बसून ऐकलंय. पियानोवाल्या मुलांनी हे घरातून घेऊन जावं. ही शिदोरी तिकडच्या कितीतरी वर्गमित्रांकडे नसते.

फ्लॉरेन्स प्राइसचा ई मायनर सोनाटाही असाच पूर्ण वाजवायचा पीस. 1932 साली त्याला वानामेकर स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. 2009 साली इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांचे ढीग सापडले, तेव्हा कुठे जग पुन्हा तिच्याकडे वळलं. सोनाटाच्या तीन मूव्हमेंट्सपैकी एक काढून वाजवू नका. बेथोवनची तुम्ही काढता का?

विविधतेची दुसरी खुंटी आपल्या मुलांसाठी खास राखून ठेवलेली असते. तू भारतीय आहेस, मग काहीतरी भारतीय वाजव ना. हे प्रेमानेच म्हणतात. आणि मूल इंटरनेटवर शोधून भूपाच्या चार सुरावटी पेडलमध्ये बुडवलेला एखादा पीस काढतं, जो त्याला स्वतःला आवडत नाही. घरी भूप ऐकलेला असतो ना, म्हणून आवडत नाही. ठाम नाही म्हणा. बाख वाजवायला जर्मन असावं लागत नाही आणि भारतीय मुलाने भारत वाजवलाच पाहिजे असंही नाही.

पण खरं नातं जिथे आहे ते ओळखा. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघणाच्या काळात, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या 120 देशी तालांची यादी एका फ्रेंच विश्वकोशात छापली गेली आणि तिथे ती ऑलिव्हिए मेसियाँच्या हाती पडली. त्याने ती आयुष्यभर सोडली नाही. ‘व्हँ रगार’ ह्या 1944 सालच्या वीस रचनांच्या पियानोमालेत पाचव्या रचनेत रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल एकामागोमाग जोडून सतरा कालमूल्यांची एक साखळी केलेली आहे, आणि ती दोन वेगवेगळ्या गतींनी एकमेकींच्या मागे धावते. 1945 साली पॅरिसमध्ये इव्होन लोरियोने ही माला पहिल्यांदा वाजवली. 1949 चं ‘कांतेयोजया’ तर अख्खं ह्याच नादातलं, बारा मिनिटांचं, स्वरलिपीवर जागोजागी तालांची आणि संस्कृतसारखी वाटणारी नावं.

देवगिरी म्हणजेच दौलताबादचा किल्ला छत्रपती संभाजीनगरहून पंधरा किलोमीटरवर आहे. तिथल्या पोथीतला ताल पॅरिसमार्गे पियानोवर आला आणि आता आपल्या मुलाच्या हातात पडतोय. ह्याला मी खरं नातं म्हणते. तरी एक बजावते. मेसियाँने हे ताल आवर्तन म्हणून वापरलेले नाहीत. सम नाही, खाली नाही, ठेका नाही. त्याने फक्त लांबी-आखूडपणाचे नमुने घेतले. तबल्यासोबत वाढलेलं मूल आपोआप सम शोधायला लागतं आणि ती इथे सापडत नाही. म्हणून हा पीस आपल्या मुलाला सोपा जाईल असं कुणी समजू नये. आपल्यासाठी तो उलट जास्त अवघड आहे, आणि नेमकं त्याचसाठी वाजवण्याजोगा. प्रोग्रॅम नोटमध्ये हे लिहा. ‘माझ्या संस्कृतीचा वारसा’ असं मोघम लिहू नका, शार्ङ्गदेवाचं नाव लिहा, देवगिरी लिहा, तीन तालांची नावं लिहा.

पाठांतराबद्दल थोडंसं. 1837 साली बर्लिनमध्ये क्लारा शूमनने, तेव्हा ती क्लारा वीक होती, बेथोवन स्वरलिपीविना वाजवला तेव्हा तो काहींना उर्मटपणा वाटला होता. आज न बघता वाजवणं सक्तीचं झालंय. रिश्टर उतारवयात समोर स्वरलिपी आणि एक छोटा दिवा ठेवून वाजवत, बाकी हॉल अंधारात. विद्यापीठाचा नियम असेल तर पाळावाच लागेल. पण पुष्कळ ठिकाणी नव्या रचनांना सवलत असते. नियमावली नीट वाचा, विचारा. पाठ होणार नाही एवढ्यासाठी मेसियाँ सोडू नका.

आईवडिलांनाही माझं सांगणं आहे. न्यूयॉर्कला संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा कार्यक्रम मार्चअखेरीस आपल्याकडे पहाटे पाचला दिसतो. तुम्ही गजर लावून उठता, काकामामांना लिंक पाठवता. नंतर फोनवर ‘लिस्ट का नाही घेतला, अमक्याच्या मुलाने घेतला होता’ हा प्रश्न विचारू नका. ‘बर्ग आणि शूबर्टच्या मध्ये थांबली नाहीस, ते का?’ हे विचारा. तुमची मुलगी अर्धा तास बोलेल.

ऑगस्टमध्ये ज्यांचं दुसरं वर्ष सुरू होतंय त्यांनी पहिल्या पंधरा दिवसांत यादी टीचरसमोर ठेवावी, सगळ्या पुनरावृत्ती धरून, घड्याळ लावून मोजलेली. हॉलची तारीख लगेच मागा, वसंतातल्या तारखा आधी जातात. त्या हॉलमधल्या पियानोवर सप्टेंबरातच एकदा बसून या. ‘दास यार’ची प्रत लायब्ररीत आहे का ते बघा, नसेल तर मागवायला सांगा, ती यायला वेळ लागतो. मेसियाँ 1992 साली गेला, त्याच्या स्वरलिपींवर अजून हक्क आहेत, फुकट पीडीएफच्या नादी न लागता विकत घ्या नाहीतर लायब्ररीतून काढा. आणि टीचर म्हणतील, ‘हे कशाला? शोपाँची चौथी बॅलड घे, सगळ्यांना आवडते,’ तेव्हा प्रत्येक पीसचं कारण सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर तो पीस त्याच दिवशी यादीतून खोडा.